पाण्याच्या टाकीवरचं नाव

आमच्या शाळेची जुनी इमारत पाडायला घेतली त्या उन्हाळ्यात मी गावी होते. कौलं उतरवून मैदानाच्या एका कडेला रचली होती, दुसऱ्या कडेला सागवानी तुळया आणि खिडक्यांच्या चौकटी. कुंपणाच्या भिंतीला टेकवून संगमरवरी पाट्या उभ्या केल्या होत्या, बऱ्याचशा ‘कै.’ने सुरू होणाऱ्या. कोणी वडिलांच्या नावाने वर्गखोली बांधून दिलेली, कोणी आईच्या नावाने वाचनालयाला कपाटं, कोणी रंगमंच. त्यांत कोपरा उडालेली एक लहानशी पाटी होती. ती पाहिली आणि मी तिथेच खाली बसले. ती पाण्याच्या टाकीवरची पाटी होती.

इयत्ता सातवीत शिकणारा एक मुलगा गेला होता आणि त्याच्या आईवडिलांनी त्याच्या स्मरणार्थ शाळेला टाकी बांधून दिली होती. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं मी त्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायले आणि दर वेळी ते नाव वाचलं. वर्गातल्या मैत्रिणींच्या नावांइतकं ते मला आजही पाठ आहे. पण तो मुलगा कसा होता, कशाने गेला, हे मी कधी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलंही नाही.

नव्या इमारतीचा आराखडा मुख्याध्यापकांच्या टेबलावर पसरलेला होता. प्रयोगशाळा, संगणक कक्ष, मुलींसाठी नीट स्वच्छतागृहं, पाणी शुद्ध करणारं यंत्र. गावाने वर्षानुवर्षं मागितलेलं सगळं त्यात होतं आणि ते पाहून मला मनापासून आनंद झाला. पाट्यांचं विचारलं तेव्हा सर म्हणाले, “प्रवेशद्वारापाशी सगळ्या देणगीदारांचा एक मोठा फलक करू.” त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. पण फलक देणगीदारांचा, म्हणजे त्यावर नाव येणार वडिलांचं. सातवीतल्या मुलाला त्या फलकावर जागा नव्हती.

शाळा नवी होते तेव्हा जुन्या शाळेतल्या, आता नसलेल्या माणसांना जागा कुठे द्यायची? हा प्रश्न मनात घेऊन मी पुढे बरेच महिने वाचत राहिले. जगातल्या काही गावांना हा प्रश्न असह्य दुःखात सोडवावा लागला आहे. त्यांनी काय केलं ते आधी सांगते, मग आपल्याकडे येते.

वर्गांच्या भिंतींची बाग

वेल्समधलं अॅबरफॅन हे कोळशाच्या खाणीवर जगणारं गाव. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सत्राच्या मधल्या सुट्ट्या लागण्याआधीचा शाळेचा शेवटचा दिवस. सकाळी सव्वानऊच्या सुमारास गावामागच्या डोंगरावर रचलेला, खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचा ढीग पाण्याने सुटला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर येऊन कोसळला. १४४ माणसं गेली. त्यांत ११६ मुलं होती, बहुतेक सात ते दहा वर्षांची. गावातल्या एका पिढीचे वर्गच्या वर्ग पुसले गेले.

हा ढीग झऱ्यांवर रचलेला होता. शाळेमागे धोका आहे, असं नगरपालिकेच्या अभियंत्याने तीन वर्षं आधी पत्राने कळवलं होतं. चौकशी लवादाने १९६७ साली राष्ट्रीय कोळसा मंडळाला नि:संदिग्धपणे जबाबदार धरलं. त्याआधी, मुलांच्या मृत्यूची कारणं वाचून दाखवली जात असताना एक बाप उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या मुलाच्या नावापुढे ‘कोळसा मंडळाने जिवंत गाडलं’ असं लिहा.

पुढे त्या जागेवर शाळा पुन्हा उभी राहिली नाही. तिथे बाग झाली आणि बागेची आखणी जुन्या वर्गांच्या भिंतींच्या रेषांवर बेतली गेली. म्हणजे आज तिथे चालणारा माणूस नकळत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो. डोंगरउतारावरच्या दफनभूमीत मुलांच्या थडग्यांवर पांढऱ्या कमानींची रांग आहे. आणि मुलं शिकतात ती शाळा वेगळी: गावातल्या यनिसोवेन प्राथमिक शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन २०१२ साली राणी एलिझाबेथ यांनी केलं. दुःखासाठी एक जागा आणि पाढ्यांसाठी दुसरी, दोन्ही एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर.

अॅबरफॅनच्या आठवणींत एक नाव पुन्हा पुन्हा येतं. नान्सी विल्यम्स. शाळेत मुलांच्या जेवणाचे पैसे गोळा करणारी बाई. ढिगारा आत घुसला तेव्हा तिने समोरच्या पाच मुलांना स्वतःच्या अंगाखाली घेतलं. ती गेली, पाचही मुलं वाचली. ती शिक्षिका नव्हती, देणगीदार नव्हती, तरी तिच्या नावावाचून त्या शाळेची गोष्ट पुरी होत नाही.

जगभरातून आलेल्या मदतनिधीतून १९६८ साली दीड लाख पौंड काढून घेण्यात आले, ते गावावर उरलेले ढीग हटवायला. ज्यांनी मुलं गमावली त्यांच्याच पैशाने. ती रक्कम १९९७ साली परत मिळाली, तीही व्याजाशिवाय. वेल्सच्या सरकारने २००७ साली १५ लाख पौंड देऊन ती चूक आणखी भरून काढली. स्मारकाला दगड लागतो तसाच न्यायही लागतो आणि न्यायाला इथे चाळीस वर्षं लागली.

रोज वाजणारी घंटा आणि शांत पाणी

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात न्यूटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी एका बंदूकधाऱ्याने सहा-सात वर्षांची २० मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं मारली. उरलेली मुलं शेजारच्या गावातल्या एका रिकाम्या शाळेत बसू लागली. जुन्या इमारतीचं काय करायचं हे ठरवायला स्थानिक प्रतिनिधींची समिती बसली. इमारत पाडावी आणि त्याच आवारात नवी बांधावी, असा तिने कौल दिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये गावाने मतदान केलं: बाजूने ४,५०४, विरोधात ५५८.

इमारत पाडतानाची काळजी मला विशेष वाटते. कामगारांकडून गोपनीयतेचं लेखी वचन घेतलं. विटा जागच्या जागी भरडल्या, लोखंड वितळवलं. त्या इमारतीचा एकही तुकडा कोणाच्या घरी शोभेची वस्तू म्हणून किंवा बाजारात विक्रीला जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. दुःखाची अब्रू राखणं म्हणजे काय, ते यातून कळतं.

नवी शाळा २०१६ साली उघडली. सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून बांधलेली, लाटेसारख्या लाकडी दर्शनी भिंतीची, पुढे पावसाचं पाणी मुरवणारी बाग आणि त्या बागेवरून आत नेणारे छोटे पूल. मुलं पाण्यावरून, झाडांमधून शाळेत जातात. सुरक्षेची सगळी व्यवस्था त्या बागेत आणि पुलांत मुरवलेली आहे. मुलांना ती तुरुंगासारखी दिसत नाही.

नावं कोरलेलं स्मारक शाळेच्या इमारतीपासून दूर, वेगळ्या जागी आहे. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये खुलं झालं, घटनेनंतर जवळजवळ दहा वर्षांनी. मध्ये गोल कुंड, कुंडाच्या ग्रॅनाइटच्या कडेवर २६ नावं, आणि पाण्याच्या मधोमध एक कोवळं सिकॅमोरचं झाड. या दहा वर्षांत जागा शोधल्या, नाकारल्या, पुन्हा शोधल्या. कुटुंबांशी बोलणं झालं, थांबलं, परत झालं. शाळेला मुलं रोज येतात, त्यामुळे ती लवकर हवी; स्मारकाला घाई चालत नाही, हे त्या गावाने ओळखलं.

मागची टेकडी

जपानने तिसरी वाट धरली. मियागी प्रांतातल्या इशिनोमाकी शहरात किताकामी नदीच्या काठी ओकावा प्राथमिक शाळा होती, समुद्रापासून जवळपास चार किलोमीटर आत. ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास भूकंप झाला. मुलांना मैदानात आणून उभं केलं. कुठे न्यायचं याचा खल सुमारे पन्नास मिनिटं चालला. शाळेच्या अगदी मागे टेकडी होती. एरवी मुलं तिथे मशरूम लावायला जात. अखेरीस मुलं निघाली ती पुलाच्या दिशेने, आणि नदीतून चढून आलेल्या त्सुनामीने त्यांना गाठलं. शाळेतली ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले.

काही पालक न्यायालयात गेले. मुलांना वाचवण्याची तयारी आधीच असायला हवी होती आणि ती नव्हती, हे सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलं आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मोडकी इमारत पाडावी की ठेवावी, यावर गावात दोन मतं होती. काही पालकांना ती पाहणंही सोसवत नव्हतं. शाळेतून शिकून गेलेल्या, भावंडं गमावलेल्या मुलांनी म्हटलं, ठेवा. २०१६ साली महापौरांनी जतन करण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२१ मध्ये ती जागा, शेजारच्या छोट्या संग्रहालयासह, लोकांसाठी खुली झाली. वाकलेले खांब, उलटलेला जोडपूल, मुलांनी भिंतीवर रंगवलेलं चित्र, सगळं तसंच आहे.

मुलं गमावलेले काही पालक आज स्वतः लोकांना तिथे फिरवतात आणि त्यांना टेकडीवर नेतात. तिथून खाली शाळा दिसते. किती थोडं अंतर होतं, हे पायांनाच समजतं. नावांच्या शिळेतून एवढं कळलं नसतं. मृत्यू टाळता येण्यासारखा होता, तर स्मारकाने ते सांगितलंच पाहिजे.

अंजारची गल्ली, कुंभकोणमचं छप्पर

आपल्या देशातही अशा जागा आहेत. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधल्या अंजार गावात शाळांची मुलं प्रजासत्ताक दिनाची फेरी घेऊन अरुंद गल्लीतून चालली होती. सकाळी पावणेनऊला भूकंप झाला आणि दोन्ही बाजूंची घरं फेरीवर कोसळली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. त्यांचं स्मारक, ‘वीर बालक स्मारक’, ऑगस्ट २०२२ मध्ये खुलं झालं. एकवीस वर्षांनी. त्या मुलांबरोबरीची जी मुलं वाचली, ती तोवर स्वतः आईबाप झाली होती.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमला एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग लागली, शाकारलेल्या छपराने ती पसरवली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि एप्रिल २००९ मध्ये देशभरच्या शाळांना आगीपासून सुरक्षेचे निर्देश मिळाले. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आपल्या शाळांच्या व्हरांड्यात टांगलेलं लाल अग्निशामक नळकांडं माझ्या लेखी त्या ९४ मुलांचं स्मारक आहे. पण ते नळकांडं पाहणाऱ्या किती मुलांना कुंभकोणम ठाऊक आहे? त्याच्या शेजारी चार ओळींची पाटी लावायला खर्च किती येतो? ती लावली तर नळकांडं वेळेवर भरून ठेवायची आठवणही शाळेला राहील.

नाव तोंडी बसतं तेव्हा

महाराष्ट्रात शाळा उभ्या राहिल्या त्याच मुळी लोकांच्या पैशातून आणि लोकांच्या आठवणींतून. पुण्यात पेरूगेटजवळची भावे हायस्कूल घ्या. वामन प्रभाकर भावे हे ती चालवणाऱ्या, १८६० साली सुरू झालेल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. आज रिक्षावाल्याला “भावे स्कूल” म्हटलं की पुरतं. नाव पत्त्यात गेलं, रोजच्या बोलण्यात मिसळलं. हे मोठंच भाग्य, पण त्यात एक धोका आहे. नाव इतकं तोंडी बसतं की माणूस त्यातून निघून जातो. माझ्या टाकीवरच्या मुलाचं तेच झालं.

हे टाळायची रीत रयत शिक्षण संस्थेत दिसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली संस्था काढली, साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह चालवलं. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना बोर्डिंगात धान्य संपलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. त्यांचं नाव संस्थेत पुढे दिलं गेलं, पण नावापेक्षा ती मंगळसूत्राची गोष्ट अधिक टिकली, कारण ती दर वर्षी सांगितली जाते. २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती येते आणि रयतेतल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या कानावर ती गोष्ट पडते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथा यांनी त्या भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची जबाबदारी घेतली. आईबाप गमावलेलं मूल शिकून मोठं होतं, तेव्हा त्या आईबापांचंच स्मारक उभं राहतं, असं मी मानते.

आणि भिडेवाडा. पुण्याच्या बुधवार पेठेत १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली तो वाडा. जीर्ण होत गेलेला तो वाडा स्मारकासाठी मिळवायला अनेक वर्षं आंदोलनं झाली, न्यायालयात लढाई झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये जुनी इमारत उतरवली गेली. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. माझी इच्छा एवढीच की त्या वास्तूत सावित्रीबाईंचा पुतळा असावा तसा एक चालता वर्गही असावा. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेलेल्या त्या बाईला मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज ऐकू गेला पाहिजे.

पस्तीस रुपयांचं पारितोषिक

आपल्या शाळांतलं सगळ्यात साधं स्मारक म्हणजे ठेव पारितोषिक. कोणी गेलं की घरचे शाळेत काही रक्कम ठेवतात आणि तिच्या व्याजातून दर वर्षी गणितात पहिल्या आलेल्या मुलीला किंवा संस्कृतमध्ये पहिल्या आलेल्या मुलाला बक्षीस मिळतं. स्नेहसंमेलनात ते नाव पुकारलं जातं. ही फार सुंदर पद्धत आहे आणि ती आतून पोखरत चालली आहे. चाळीस वर्षांपूर्वी ५०० रुपयांच्या ठेवीवर दहा टक्क्यांनी ५० रुपये येत. त्यात कंपासपेटी आणि वर वह्या येत. आज सात टक्के धरले तरी ३५ रुपयेच येतात. एवढ्याशा रकमा वेगवेगळ्या सांभाळणं शाळेला जड जातं आणि एके वर्षी ते नाव पुकारायचं राहून जातं. अशा ठेवी एकत्र करून त्यांतून एक भरीव शिष्यवृत्ती करता येईल, आणि ती देताना सगळी नावं वाचता येतील. कुटुंबांची संमती घेतली तर यात कोणाचंच मन दुखणार नाही.

दुसरी गोष्ट दरपत्रकाची. नवी इमारत बांधताना वर्गखोलीला इतके लाख, सभागृहाला इतके, असा हिशेब मांडला जातो. इमारतीला पैसा लागतो, त्यामुळे त्याला माझा विरोध नाही. पण ज्याने पस्तीस वर्षं घंटा दिली तो शिपाई, ज्यांनी पोषण आहाराची खिचडी शिजवली त्या मावशी, करोनाच्या काळात कामावर असताना गेलेले शिक्षक, यांच्या घरच्यांकडे लाख रुपये नसतात. नान्सी विल्यम्सच्या नावाची पाटी दरपत्रकात बसली नसती. प्रत्येक नव्या शाळेत एक तरी भिंत अशी असावी, जिच्यावर नाव यायला पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. एखाद्या मुलाने स्वतःचं आयुष्य संपवलेलं असतं. अशा वेळी मोठं स्मारक केलं तर खचलेल्या दुसऱ्या मुलाच्या मनात भलतंच काही रुजू शकतं, म्हणून जाणकार इथे जपून राहायला सांगतात. गेलेल्या सगळ्या मुलांना नियम एकच असावा, मृत्यूचा गौरव होऊ नये आणि मागे राहिलेल्या मित्रमैत्रिणींशी कोणीतरी बसून बोलावं. शाळेचं पहिलं कर्तव्य बाकावर बसलेल्या मुलांशी आहे.

तीन फुटांवर

शेवटी मी आमच्या जुन्या शिपाईमामांकडे गेले. ते आता थकलेत, ओसरीवर खाटेवर बसून असतात. टाकीचं नाव काढताच म्हणाले, “बाळ, ती पाटी खाली का लावली होती, माहितीय का तुला?”

मला माहीत नव्हतं. पाटी खाली होती हेही कधी ध्यानात आलं नव्हतं. मामा म्हणाले, गवंडी पाटी वर, मोठ्या माणसाच्या नजरेला येईल अशी बसवत होता. मुलाच्या वडिलांनी त्याला थांबवलं. मैदानावर खेळणाऱ्या सातवीतल्या एका पोराला हाक मारली, नळाला तोंड लावून पाणी प्यायला सांगितलं आणि तो वाकला तशी त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर खडूने रेघ मारली. “इथं लाव,” म्हणाले. मग मामांनी मला त्या मुलाविषयी सांगितलं. तो शाळेत सगळ्यांच्या आधी यायचा आणि घंटा वाजवायचा हट्ट धरायचा. मामा त्याला रोज एक टोला द्यायला लावायचे. ताप येऊन चार दिवसांत गेला. त्या वर्षी मामांना पहिली घंटा द्यावीशी वाटायची नाही.

हे सगळं मी वहीत उतरवून मुख्याध्यापकांकडे नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग बांधकामावरच्या मुकादमाला बोलावून, पाणी शुद्ध करणारं यंत्र बसणार होतं त्या भिंतीपाशी आम्ही तिघं गेलो. सरांनी पाचवीतल्या एका मुलीला बोलावलं. ती वाकली, मुकादमाने टेप लावला. तीन फूट.

पाटी आता तिथे आहे. उडालेला कोपरा तसाच ठेवला आहे. तिच्याखाली नव्या फरशीच्या तुकड्यावर दोन ओळी आहेत: हा मुलगा शाळेत सर्वांच्या आधी येई, आणि सकाळच्या घंटेचा पहिला टोला त्याचा असे. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा सरांनी एक पद्धत सुरू केली. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जे मूल येईल, त्याने पहिला टोला द्यायचा.